जब्बार सरांचं ‘एवढंच’

जब्बार सरांनी एखादी गोष्ट समजावून सांगितली की ऐकणारा शेवटी एकच शब्द बोलायचा, "एवढंच?" तो शब्द कानावर पडला की सर बोटानं मिशीचं टोक वर सारायचे आणि म्हणायचे, "हाव, एवढंच." तास तिथं संपायचा. घंटेला अवकाश असला तरी संपायचा. त्यांच्या लेखी शिकवण्याची मजुरी पोचलेली असायची.

त्याच शब्दानं त्यांचा घात केला. मी धंद्यातला माणूस आहे. कुठल्या शब्दाला कुठं काय भाव येतो ते मला कळतं. हा शब्द सरांनी आयुष्यभर फुकट गोळा केला आणि शेवटी नको त्या बाजारात विकला. सर आता नाहीत. माझा राग मात्र आहे तिथंच आहे.

मी भोकरजवळच्या खेड्यातून नांदेडला आयटीआयमध्ये आलो तेव्हा सर तिथं वायरिंग आणि मोटारी शिकवायचे. उंच, किडकिडीत माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशात टेस्टर, पेनासारखा लावलेला. नांदेडच्या इतवारा भागात त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर. वडील घड्याळं दुरुस्त करायचे म्हणे. पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हाला मोटारीचा स्टार्टर शिकवला, तो फळ्यावर नाही. संस्थेची एक बंद पडलेली जीप आवारात उभी होती. सगळ्या पोरांना मागं उभं केलं आणि म्हणाले, "एका दमात ढकला." आम्ही ढकलली. जीप जागची हलली नाही, एकजण तोंडावर पडला, दोघांच्या चपला तुटल्या.

"आता हळू लावा. हलली की मग जोर करा."

जीप चालायला लागली.

"मोटारीला बी चपला असत्या तर रोज तुटल्या असत्या," सर म्हणाले. "म्हणून तिला आधी कमी करंट, मग पुरा. त्याला स्टार्टर म्हणतेत."

"एवढंच?" मागून कुणीतरी म्हणालं. सरांचं बोट मिशीकडं गेलं.

पोरं बेरकी. लवकर सुटायचं म्हणून न समजताच ‘एवढंच’ म्हणायला लागली. सरांनी त्यावर तोड काढली. जो ‘एवढंच’ म्हणेल त्यानं बाहेर बसलेल्या शिपायाला, किशनमामांना, तीच गोष्ट समजावून द्यायची. मामा जर ‘एवढंच?’ म्हणाले तरच सुट्टी. मी मामांशी बोलणी केली. एका पानावर सौदा पटला. पुढचे काही दिवस मी मामांच्या कानात काहीही पुटपुटायचो आणि मामा पान चघळत मोठ्यानं ‘एवढंच?’ म्हणायचे. सरांना वास लागला. एक दिवस त्यांनी मामांनाच वर्गात आणून उभं केलं.

"मामा, यानं काय सांगितलं ते पोरांना सांगा."

मी घामाघूम. मामांनी पान गालात सरकवलं आणि अर्थिंग कशासाठी असतं ते सगळ्या वर्गाला सरळ सांगून टाकलं. इतकी वर्षं दाराबाहेर बसून सरांचंच ऐकत होते ते.

सर मला म्हणाले, "काय सौदागर, पान वाया गेलं म्हण की तुझं."

तेव्हापासून मी सौदागर. दुसऱ्या कुणी त्या नावानं हाक मारली असती तर मी गचांडी धरली असती.

सरांना सौदा म्हणून जमायचा नाही. घरात कूलर घ्यायचा होता तेव्हा मला मुद्दाम सोबत नेलं. मी दुकानदाराला बोलण्यात पार कोपऱ्यात नेला होता. पंखा हलका आहे, पत्रा पातळ आहे, पंप लोकल आहे. तो घसरत होता. मध्येच सर म्हणाले, "न्हाई सौदागर, पत्रा पातळ हाय तो बरोबरच हाय. कूलरला जाड पत्रा कशाला, याला रंग बसलेला हाय नीट." दुकानदाराचा चेहरा उजळला. मी चप्पल घालून बाहेर येऊन उभा राहिलो. सर कूलर घेऊन आले, त्यानं सांगितलेल्या भावात, आणि वर मलाच म्हणाले, "खरं हाय ते खरं म्हणाया काय पैसे पडतेत?"

पडतात सर. सगळ्यात जास्त त्याचेच पडतात. पण हे त्यांना कोण सांगणार.

त्यांची अजून एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. सर फोन उचलायचे नाहीत आणि समोरच्यालाही उचलू द्यायचे नाहीत. संस्थेतून निघताना घरी एक रिंग, म्हणजे निघालो. दोन रिंगा, म्हणजे सोबत कुणीतरी आहे, चहा जास्त टाक. पुढं फोनवर बोलणं जवळजवळ फुकट झालं, सगळं जग तासन्‌तास बोलायला लागलं, तरी यांचं मिस्ड कॉलचं खातं चालूच. चाची, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणायची, "अल्लानं तोंड दिलंय की तुम्हाला!" सर म्हणायचे, "न उचलता जे कळतंय ते उचलून कशाला सांगायचं?" मी नांदेडहून परत गेलो की घरी पोचल्यावर मीही एक रिंग द्यायचो. उचलायची नसायची.

पुढं मी लातूरला मोटारी, स्टार्टर आणि पॅनेलचं दुकान टाकलं. कुणाचा आधार नव्हता, तोंडाच्या जोरावर टाकलं. कंपन्यांच्या विक्री अधिकाऱ्यांशी भांडलो, एकाला दुकानातून हाकललं, आणि त्याच कंपनीची एजन्सी दोन वर्षांनी चढ्या सवलतीत घेतली. सर निवृत्त झाले होते. मी त्यांना एकदा गावाकडं घेऊन गेलो, कारण आमच्या शिवारातला डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, पुन्हा जळला होता आणि थोरला भाऊ मलाच शिव्या देत होता. दोष माझ्याकडच्या मालाचाच होता एका अर्थानं. शेतातली वीज केव्हाही येते, केव्हाही जाते. म्हणून प्रत्येक मोटारीला आम्ही ऑटो विकतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू. फोन करून सुरू करायचे डबेही विकतो, आत सिमकार्ड असतं. पण एका डीपीवरच्या सगळ्यांकडं ऑटो असले की वीज येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी बसतो. मग नवा येईपर्यंत पीक आभाळाकडं बघतं.

नवा डीपी बसवून झाला होता. सर त्याच्या खाली शेताच्या धुऱ्यावर रुमाल टाकून बसले ते उठेनात. भाऊ म्हणाला, "सर, घरला चला, जेवून घ्या."

"वीज येऊ द्या."

दिवस कलायला लागला तेव्हा वीज आली. शिवारभर मोटारींनी एकदम हंबरडा फोडला, खांबावर मोठ्यानं गुरगुरलं आणि सगळं परत गप्प झालं. फ्यूज उडाला होता, नशिबानं तेवढ्यावर भागलं.

सर म्हणाले, "जीप हाय ही. सगळे एका दमात ढकलून राहिले." मग भावाला विचारलं, "पूर्वी नाल्याच्या पाण्याची पाळी कशी लावत होते तुम्ही?"

"एकाचं झालं की तो दुसऱ्याला हाक मारायचा. अन् आज जो शेवटी, तो उद्या पहिला. न्हाईतर डोकी फुटायची."

"मग ह्याला हाकच मारता येत न्हाई, एवढंच दुखणं हाय," सर म्हणाले आणि खिशातून फोन काढून त्याच्याकडं बघत बसले.

त्यांनी जो डबा केला तो असा. वीज आली की एकाच शेतातली मोटार सुरू होते. ती नीट फिरायला लागली की तिचा डबा शेजारच्या शेतातल्या डब्याला मिस्ड कॉल देतो. तो डबा फोन उचलत नाही, नंबर ओळखतो आणि आपली मोटार सुरू करतो. मग तो पुढच्याला. कुणाचा फोन बंद असला तर त्याला ओलांडून पुढं. आणि जो आज शेवटी, तो उद्या पहिला. बोलण्याचा खर्च नाही, मध्ये कुणी मुकादम नाही, भांडण नाही.

मी धंदेवाला. आधी पेटंटचा अर्ज ठोकला, मगच डबे शिवारात बसू दिले. पूर्ण हंगाम डीपी जळला नाही. शेजारच्या गावचे लोक बघायला यायचे. सर झाकण उघडून दाखवायचे. लोक म्हणायचे, "एवढंच व्हय?" सरांचं बोट मिशीकडं. मी मात्र प्रत्येक वेळी झाकणाकडं हात न्यायचो.

"सर, झाकण उघडू नका."

"का बरं? पेटंट म्हणजे उघडून दाखवणंच की. कायद्यातच लिहिलंय, सगळं नीट समजावून सांगा म्हणून."

ते खरंच तसं लिहिलेलं आहे. आपली विद्या सगळ्यांना समजेल अशी सांगा, मग आम्ही तुमचं नाव लावतो. सरांना यात फार मोठा न्याय दिसला होता. वर्गात शिकवलेल्या कशावरच त्यांचं नाव नव्हतं. पोरं शिकून दुबईला गेली, दुकानदार झाली, आणि ‘ते तर सोपं असतंय’ म्हणायला लागली. एकदाच फक्त, एका कागदावर, ‘हे जब्बारला सुचलं’ असं सरकारनं लिहून द्यावं, एवढी त्यांची इच्छा होती. पैशाचं ते कधी बोललेच नाहीत. ते मी बोलत होतो.

मग पेटंट ऑफिसचं हरकतीचं पत्र आलं. तपासणाऱ्यानं तीन जुनी कागदपत्रं जोडली होती. एकात फोननं मोटार सुरू करायचा डबा. दुसऱ्यात कारखान्यातल्या मोटारी एकामागून एक सुरू करायची पद्धत. तिसऱ्यात एक फोन लागला नाही तर पुढचा लावायची टेलिफोन एक्स्चेंजची युक्ती. या तिन्ही गोष्टी जुन्या. या विद्येत तरबेज असलेल्या माणसानं त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर त्याला हा डबा सहज सुचेल. सहज सुचण्याजोग्या गोष्टीला पेटंट नाही.

मी टेबलावर मूठ आपटली. चहा सांडला. सरांनी पत्र सावकाश वाचलं आणि म्हणाले, "पोरगा हुशार हाय. नीट वाचलंय त्यानं."

"सर, तो आपल्या विरुद्ध आहे!"

"विरुद्ध असला म्हणून काय झालं? तीन बी कागद बरोबर काढलेत." मग जरा थांबून, "पण हा तरबेज माणूस कोण म्हणायचा?"

पुण्याच्या वकीलबाई आमचं काम बघत होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं की तो खरा माणूस नसतो. कायद्यानं कल्पिलेला असतो. त्याला सगळं जुनं ज्ञान तोंडपाठ असतं, पण स्वतःची कल्पनाशक्ती नसते.

सर हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बाई, असे लई पास केलेत मी!"

शेवटचं ते हसणं.

सुनावणी व्हिडिओवर होती. लातूरला माझ्या दुकानाच्या माडीवर आम्ही कॉम्प्युटर लावला. सर इस्त्रीचा शर्ट घालून सकाळच्या गाडीनं आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि हात जोडून सांगितलं, "सर, आज अवघड बोला."

"अवघड कसं बोलतेत?"

"जीप नको. चपला नको. साहेबाला वाटलं पाहिजे की हे आपल्या बापालाही सुचलं नसतं."

"त्याचा बाप मला काय ठाऊक?" सर म्हणाले. मग माझं तोंड बघून म्हणाले, "बरं बाबा. वकीलबाईच बोलतील. मी गप्प."

पडद्यावर साहेब आले. चाळिशीचे, बोलायला सभ्य. कागदोपत्री सगळं इंग्रजीत, पण सर मराठीत बोलणार म्हटल्यावर तेही मराठीत बोलले. वकीलबाईंनी चांगली बाजू मांडली. फोनचे डबे बाजारात कित्येक वर्षं आहेत, डीपी कित्येक वर्षं जळतायत, मोठमोठ्या कंपन्यांनी हात टेकले, मग हे इतकं सोपं होतं तर कुणी केलं का नाही? उत्तर हातात आल्यावर प्रश्न सोपा दिसतो, तो आधी सोपा नव्हता. साहेब मान हलवत होते. मी आयुष्यभर गिऱ्हाइकाची मान वाचत आलोय. ही मान आमच्याकडं झुकत होती.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "मला संशोधकांना एक विचारायचंय. समोरच्यानं फोन उचलला नाही, बोलणं झालं नाही, तरी पुढच्या डब्याला भरवसा कसा येतो?"

प्रश्न विचारला म्हणजे साहेब विद्यार्थी झाले. सर पुढं सरकले. टेबलावर चहाचे कप होते. ते ओळीनं मांडले, मधला पालथा घातला, आणि आपला फोन पहिल्या कपाजवळ धरून सांगायला लागले. पाळी सांगितली, हाक सांगितली, घरी चाचीला द्यायची ती एक रिंग सांगितली. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला. जीपसुद्धा आली. असं सुंदर मी त्यांना शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. संपलं तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"अच्छा," साहेब म्हणाले. "म्हणजे एवढंच?"

सरांचं बोट मिशीकडं गेलं. "हाव साहेब. एवढंच."

वकीलबाई पडद्यावर एकदम ताठ झाल्या. साहेबांनी मग आणखी एक प्रश्न विचारला. माझी आजही खात्री आहे की त्यांनी तो आमच्यासाठी दार उघडून धरावं तसा विचारला. "मग सर, इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला का सुचलं नाही?"

अवघड होतं म्हणून. माझ्याएवढी अक्कल कुणाला नव्हती म्हणून. काहीही म्हणायचं होतं. पण या माणसानं सबंध नोकरीत एकाही पोराला ‘मला सुचलं, तुला सुचलं नसतं’ असं कधी म्हटलं नव्हतं. भोकरच्या पोराला नाही, किशनमामांना नाही.

"सुचलं असतं की," सर म्हणाले. "कुणीबी त्या डीपीखाली बसलं असतं तर त्याला सुचलंच असतं. बसलं न्हाई कुणी."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. साहेबांनी शांतपणे सांगितलं की मला बोलायचा अधिकार नाही. वकीलबाई पुन्हा बोलल्या, बराच वेळ बोलल्या, पण मान आता सरळ झाली होती.

निकाल आला. अर्ज नामंजूर. कारणांमध्ये एक वाक्य होतं की ही गोष्ट कुणालाही सुचली असती हे खुद्द संशोधकानंच सुनावणीत मान्य केलं आहे. ‘बसलं न्हाई कुणी’ हे त्यात नव्हतं. माझं भांडण तेवढ्याच तीन शब्दांचं आहे. सगळी विद्या त्या तीन शब्दांत होती, आणि साहेबांनी सरांच्या बोलण्याचा पहिला तुकडा घेऊन शेवटचा टाकून दिला. मी असं कापड फाडून कुणाला विकलं असतं तर गिऱ्हाइकानं दुकान डोक्यावर घेतलं असतं.

हायकोर्टात अपील करता येत होतं. मी कागद घेऊन नांदेडला गेलो. वकीलबाईंनी एक मार्ग काढला होता. सरांनी लिहून द्यायचं की मी विनयानं तसं बोललो, त्याचा अर्थ तसा नव्हता.

सर म्हणाले, "पण अर्थ तसाच होता की."

"सर, सही करा. हात जोडतो."

"ज्या पोरांना शिकवलं त्यातलं एखादं उद्या हा कागद वाचील. जब्बार सर खोटं शिकवत होते म्हणंल."

"कुणी वाचत नाही सर! कुणाला पडलेली नाही!"

"मग सही कशाला पाहिजे?"

मी कागद टेबलावर फेकून निघून आलो. मुदत गेली.

दुसऱ्या हंगामात धर्माबादच्या बाजारात मला तो डबा दिसला. दुसऱ्या कुणाचा तरी, चकचकीत, वर कंपनीचं नाव. एकामागून एक, मिस्ड कॉल, रोज फिरती पाळी, सगळं. विकणाऱ्या पोराला मी विचारलं हे कसं चालतं, तर म्हणाला, "आतमध्ये लई हाय टेक्नॉलॉजी हाय काका, तुम्हाला न्हाई कळायची." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी धरलं. कायद्यानं तो पोरगा बरोबर होता आणि मी चूक.

सरांना मी शेवटचं भेटलो ते त्यानंतर. चाचीनं दार उघडलं आणि हळूच म्हणाली, "बोलत नाहीत आजकाल." सर ओसरीवर बसले होते. शर्टाला इस्त्री नव्हती, खिशात टेस्टर नव्हता. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. तेवढ्यात हिमायतनगरकडचा एक शेतकरी पिशवी घेऊन आला. कुणीतरी पत्ता दिला होता. पिशवीतून त्यानं तोच चकचकीत डबा काढला. "सर, हे बंद पडलंय. कंपनीवाला फोन उचलंना. तुम्हाला यातलं कळतंय म्हणले."

सरांनी डबा हातात घेतला, उलटा केला, वरचं नाव वाचलं. झाकण काढलं, एक तार दाबली आणि सवयीनं सांगायला लागले, पाळी कशी, हाक कशी. तो माणूस उकिडवा बसून ऐकत होता. त्याचा चेहरा उघडत गेला.

"हात्तिच्या! एवढंच?"

मी सरांच्या बोटाकडं बघत होतो. ते अर्धवट उचललं गेलं आणि मांडीवर परत गेलं.

"न्हाई," सर म्हणाले. "एवढंच न्हाई. परत ऐका."

आणि त्यांनी परत सुरू केलं. या वेळी इंग्रजी शब्द घातले, करंटाचे आकडे घातले, मधलं एक सोडून पुढचं आधी सांगितलं, मागं आले, अडखळले. त्यांना ते जमत नव्हतं. कधी केलंच नव्हतं. कपाळावर घाम आला तरी सांगत राहिले. त्या माणसाचा उघडलेला चेहरा हळूहळू मिटत गेला. शेवटी तो डबा पिशवीत घालून उठला आणि म्हणाला, "लई अवघड हाय सर हे. आमच्या डोक्याबाहेरचं काम." नमस्कार करून गेला.

सर बराच वेळ दाराकडं बघत होते. मग माझ्याकडं वळले. तोंडी परीक्षेला उभं केलेलं पोर मास्तराकडं बघतं तसं बघत त्यांनी विचारलं,

"आता जमलं का रे, सौदागर?"